पहिलं वेल्डिंग मशीन: आधी पत्रा मोजा
बदलापूर-अंबरनाथच्या पावसात गाडीचा तळ गंजला आणि घरीच पॅच मारायचं ठरवलंत, तर दुकानात ‘जास्तीत जास्त किती अँपिअर?’ हा प्रश्न आधी विचारू नका. गाडीचा पत्रा साधारण 0.7 ते 1 मिमी. महत्त्वाचं काय? कमीत कमी किती करंटवर आर्क स्थिर राहतो ते! आर्क मशीन स्वस्त, पण 2.5 मिमीच्या रॉडला साधारण 60 ते 90 अँपिअर लागतात. एवढ्या उष्णतेने पत्र्याला भोक पडतं. 0.8 मिमी वायरचं मिग मशीन 50 अँपिअरच्या आसपासही चालतं, थांबून थांबून टाके मारता येतात. मग घरचं 16 अँपिअरचं सॉकेट त्याला पुरेल का, ते तपासा. काम सुरू करण्याआधी बॅटरी काढा.

प्रयोगशाळेतलं उपकरणही असंच निवडायचं: आधी नमुना, मग रेंज, ब्रोशर शेवटी.