गेम घेण्याआधी : व्हिडिओ गेमच्या परीक्षणांचा आढावा

व्हिडिओ गेमचे परीक्षण एकाच वेळी दोन कामे करते. चित्रपटाच्या परीक्षणाप्रमाणे ते एका कलाकृतीविषयी बोलते आणि शेतीपंप घेण्याआधी जाणकाराला विचारावे तसे एका वस्तूचा हिशेबही देते. चित्रपट कोणत्याही पडद्यावर तोच असतो. गेम मात्र यंत्रागणिक आणि खेळणाऱ्याच्या हातागणिक बदलतो. चित्रपट फसला तर तिकिटाचे पैसे आणि तीन तास जातात. प्लेस्टेशन ५ भारतात आला तेव्हा सोनीच्या मोठ्या नव्या गेमची किंमत ४,९९९ रुपये होती, आणि असे गेम पंधरा-वीस तासांपासून शंभर तासांपर्यंत वेळ मागतात. पैसा आणि वेळ असे दुहेरी गुंतत असल्यामुळे 'घ्यावा की नाही' हा प्रश्न गेमच्या परीक्षणाच्या केंद्रस्थानी येतो.

या प्रश्नाचे उत्तर विचारणाऱ्यावर अवलंबून असते. पुण्या-मुंबईत ज्याच्याकडे कन्सोल (टीव्हीला जोडायचे गेमयंत्र) किंवा ताकदवान संगणक आहे, त्याच्यापुढे प्रश्न किमतीचा असतो. नाशिकच्या पश्चिमेला, सावळ आणि कोटंबी घाटांपलीकडे, गुजरातच्या सीमेला लागून असलेल्या पेठ तालुक्यात गेम म्हणजे बहुतेकांसाठी मोबाइलमधला गेम. तिथे किमतीआधी तीन गोष्टी पाहाव्या लागतात : फोनमध्ये जागा किती, रेंज कुठवर टिकते आणि दिवसाचा डेटा पुरतो का. डोंगरपाड्यावर रेंज जाते-येते तिथे सतत जोडणी मागणारा फुकट गेमही महाग पडतो, आणि विनारेंज चालणारा छोटा गेम विकत घेऊनही स्वस्त ठरतो. परीक्षणात ही माहिती नसेल, तर या वाचकाला त्यातली बाकी समीक्षा कितीही चांगली असून उपयोगाची नाही.

कॅसेटपासून सीडीपर्यंत

१९९० च्या दशकात महाराष्ट्रातल्या घरांत टीव्हीला जोडायचे गेम आले. ते बहुतेक जपानी यंत्रांच्या नकला असत आणि त्यांच्या काडतुसांना सगळे 'कॅसेट' म्हणत. वेष्टनावर '९९९ इन १' असे छापलेले असे; लावल्यावर कळे की खरे गेम मोजकेच, बाकीचे तेच, फक्त नाव किंवा सुरुवातीची पातळी बदललेले. छापील दावा आणि आतला माल यांतला हा फरक सांगणारा कोणी नव्हता. आधी घेतलेल्या मित्राचे मत आणि दुकानात लावून पाहण्याची सोय, एवढेच परीक्षण.

बाहेरच्या जगात हे काम तोवर नियतकालिकांनी हाती घेतले होते. अमेरिकेत 'इलेक्ट्रॉनिक गेम्स' आणि ब्रिटनमध्ये 'कॉम्प्युटर अँड व्हिडिओ गेम्स' ही मासिके १९८१ मध्ये निघाली. जपानचे 'फामित्सू' १९८६ चे. त्याची पद्धत आजही ओळखीची आहे : एका गेमला चार परीक्षक प्रत्येकी दहापैकी गुण देतात आणि बेरीज चाळीसपैकी होते. चाळीसपैकी चाळीस मिळवणारा पहिला गेम १९९८ चा 'द लेजंड ऑफ झेल्डा : ऑकारिना ऑफ टाइम'. चार गुण वेगवेगळे छापल्यामुळे परीक्षकांचे कुठे पटले नाही हेही वाचकाला दिसते. सरासरीत ते लपते.

भारतात संगणकाच्या मासिकांनी ही वाट धरली. जसुभाई समूहाचे 'डिजिट' मुंबईतून निघू लागले आणि अंकासोबत सीडी येऊ लागली. तिच्यात गेमचे नमुना-भाग, म्हणजे 'डेमो', असत. त्याच घरातून 'स्कोअर' हे गेमचे नियतकालिक निघाले. इंटरनेट मंद होते, त्या काळात डेमोची सीडी हेच भरवशाचे परीक्षण होते, कारण तो गेम आपल्या संगणकावर चालतो की नाही हे लावून पाहता येई.

परीक्षणात काय असावे

पहिली बाब यंत्राची. संगणकाच्या गेमसोबत 'किमान' आणि 'शिफारस केलेली' अशा दोन याद्या दिलेल्या असतात. किमान यादी म्हणजे गेम सुरू होण्याची हमी, सुखाने खेळता येण्याची नव्हे. चांगला परीक्षक आपण कोणत्या यंत्रावर खेळलो, चित्र कुठे अडखळले, यंत्र किती तापले हे नोंदवतो. मोबाइलच्या बाबतीत बॅटरी किती वेगाने उतरते आणि गेम उतरवून (डाउनलोड करून) घेतल्यानंतर आणखी किती डेटा लागतो हे महत्त्वाचे.

दुसरी बाब खेळण्याची. बटण दाबल्यावर पात्र लगेच हलते का, कॅमेरा आड येतो का, हरल्यावर किती मागून सुरू करावे लागते, या गोष्टी चित्रफीत पाहून कळत नाहीत. तिसरी बाब लांबीची : एकूण तास किती, आणि त्यांतले नवे किती व तेच ते किती. चौथी भाषेची आणि वयोगटाची. अमेरिकेत १९९४ पासून ईएसआरबी आणि युरोपात २००३ पासून पेगी या संस्था गेमला वयोगट देतात. मोबाइलवरच्या ॲप-दुकानात दिसणारा '१२+' किंवा '१६+' शिक्का बहुधा निर्मात्याने भरलेल्या प्रश्नावलीवरून लागतो. त्यामुळे मुलांसाठी गेम निवडताना परीक्षणातला तपशील शिक्क्याहून जास्त सांगतो. कथेविषयी मात्र परीक्षकाने जपून लिहावे लागते. रहस्य फुटले तर घेणाऱ्याचे नुकसान होते.

एक उदाहरण : पुण्याचा 'राजी'

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने केलेला 'राजी : ॲन एन्शंट एपिक' १८ ऑगस्ट २०२० रोजी निन्टेन्डो स्विचवर आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संगणक व इतर कन्सोलवर आला. सर्कशीत कसरती करणारी राजी ही मुलगी महाबलासुराने पळवलेल्या गोलू या भावाला शोधत निघते. देवी दुर्गा तिला शस्त्र देते. दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादांतून गोष्ट उलगडते. मधले प्रसंग छायाबाहुल्यांच्या रूपात येतात, आणि महाल, तटबंद्या व पायऱ्यांच्या विहिरींवर राजस्थानी वास्तुकलेची छाप आहे.

या गेमची परीक्षणे दोन कप्प्यांत पडली, तरी त्यांचे वर्णन जवळपास एकच होते. रंगसंगती, वास्तू, संगीत आणि भारतीय पुराणकथांतून आलेले जग यांचे कौतुक बहुतेकांनी केले. त्याच परीक्षकांनी लढाईतला ढिलेपणा, ठरलेल्या कोनातल्या कॅमेऱ्यामुळे उडीचा चुकणारा अंदाज, काही तांत्रिक दोष आणि अचानक आटोपणारा शेवट यांवर बोट ठेवले. लांबी पाच-सहा तासांची. कोणी लढाईला जास्त वजन दिले आणि गुण कापले, कोणी जगाला वजन दिले आणि गुण चढवले. वर्षअखेरीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातल्या उत्कृष्ट गेमच्या पुरस्कारासाठी 'राजी'ला नामांकन होते.

घेणाऱ्याच्या दृष्टीने यातून धडा मिळतो. खांबाभोवती गिरकी घेऊन त्रिशूळ चालवण्यातच ज्याला मजा शोधायची आहे, त्याने परीक्षण वाचून थांबावे. दोन-तीन संध्याकाळी एका सुंदर जगात ज्याला फिरायचे असेल, त्याने तेच परीक्षण वाचून घ्यावा. परीक्षण चांगले की वाईट याची हीच कसोटी आहे : परीक्षकाच्या उलट निर्णय त्याच्याच लिखाणाच्या आधारे घेता आला पाहिजे. २०२२ मध्ये 'राजी'ची सुधारित आवृत्ती हिंदी आवाजांसह आली. म्हणजे २०२० ची परीक्षणे ज्या वस्तूविषयी होती, ती वस्तूही पुढे बदलली.

गुण आणि तारे

२००१ मध्ये सुरू झालेले 'मेटाक्रिटिक' हे संकेतस्थळ अनेक परीक्षणांचे गुण शंभरच्या मापात आणून भारित सरासरी काढते. ७५ आणि त्यावर हिरवा रंग, ५० ते ७४ पिवळा, त्याखाली लाल. या आकड्याचे वजन निर्मात्यांच्या उत्पन्नापर्यंत पोचले. 'फॉलआउट : न्यू व्हेगस' या २०१० च्या गेमला ८५ गुण मिळाले तर निर्मात्या संस्थेला बोनस, असा करार होता. सरासरी ८४ वर थांबली आणि बोनस हुकला. एका गुणाच्या फरकाला वाचकाच्या दृष्टीने काही अर्थ नसतो, पण त्यावर पगार अडू शकतात.

स्टीम या संगणकी दुकानात २०१३ पासून घेणारे स्वतः परीक्षण लिहितात. तिथे गुण नाहीत. शिफारस आहे किंवा नाही, एवढेच. लिहिणारा किती तास खेळला हे शेजारी दिसते. सत्तर ते एकोणऐंशी टक्के लोक 'हो' म्हणाले तर गेम 'बहुतांशी चांगला' ठरतो. चाळीस ते एकोणसत्तर टक्क्यांत 'संमिश्र'. २०१६ पासून अलीकडच्या महिन्यातला कौल वेगळा दाखवला जातो. रागावलेल्यांचा जमाव एकदम वाईट परीक्षणे टाकतो, त्याला 'रिव्ह्यू बॉम्बिंग' म्हणतात. विषयाशी संबंध नसलेला असा भडिमार २०१९ पासून कौलातून वगळता येतो.

मोबाइलवरचे तारे सर्वांत फसवे. गेम पहिली पातळी जिंकल्याच्या आनंदाच्या क्षणीच तारे मागतो, म्हणून सरासरी फुगते. उपाय सोपा आहे : परीक्षणे नव्यापासून जुन्याकडे लावावीत आणि दोन-तीन ताऱ्यांची वाचावीत. एक तारा बहुधा रागाचा आणि पाच बहुधा घाईचे असतात. कारणे मधल्या ताऱ्यांत सापडतात.

परीक्षक कोणाचा

परीक्षकाला गेम बहुधा निर्माता आधीच फुकट देतो आणि ठरावीक वेळेआधी न छापण्याची अट घालतो. ही अट स्वतःत गैर नाही. पण कोणत्या यंत्राची प्रत दिली आणि कोणत्या यंत्राची दिली नाही, हे पाहावे लागते. १० डिसेंबर २०२० रोजी आलेल्या 'सायबरपंक २०७७'च्या आगाऊ प्रती परीक्षकांना संगणकासाठी मिळाल्या, कन्सोलसाठी नाही. गुण उत्तम आले. जुन्या कन्सोलवर मात्र गेम इतका अडखळत होता की सोनीने आठवडाभरात तो आपल्या दुकानातून काढला आणि घेणाऱ्यांना पैसे परत देऊ केले. पुढच्या जूनमध्ये तो परतला.

जाहिरातदाराचा दबाव हा दुसरा धोका. २००७ मध्ये 'गेमस्पॉट' या संकेतस्थळाचे संपादक जेफ गर्स्टमन यांनी 'केन अँड लिंच' या गेमला कमी गुण दिले. त्या वेळी त्याच गेमच्या जाहिराती तिथे झळकत होत्या. नंतर त्यांना कामावरून काढण्यात आले आणि या क्षेत्रात मोठी खळबळ उडाली. आता परीक्षणाची जागा बऱ्याच अंशी यूट्यूबवरच्या खेळणाऱ्यांनी घेतली आहे, आणि त्यांच्या बाबतीत मोबदला आणि मत यांतली रेघ आणखी पुसट आहे. मुंबईतल्या जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये सशुल्क प्रसिद्धीवर स्पष्ट खूण लावण्याचे नियम केले. चित्रफितीवर ती खूण असेल, तर ती जाहिरात म्हणूनच पाहावी.

फुकट गेमचा हिशेब

मोबाइलवरच्या मोठ्या गेमना किंमत नसते, खर्च असतो. 'बीजीएमआय'मध्ये यूसी आणि 'फ्री फायर'मध्ये डायमंड ही खेळातली चलने विकत घ्यावी लागतात. त्यांतून पोशाख, बंदुकीचे रंगरूप ('स्किन'), हंगामी पास मिळतो. यूसीचे गठ्ठे आणि वस्तूंच्या किमती सहसा जुळत नाहीत. थोडे शिल्लक उरते आणि ते वापरण्यासाठी पुन्हा टॉप-अप करावासा वाटतो. काही वस्तू नशिबाच्या पेटीतूनच मिळतात. अशा पेट्या बेल्जियमने २०१८ मध्ये जुगारात धरल्या. म्हणून फुकट गेमच्या परीक्षणात महिनाभर एक पैसा न घालता किती दूर जाता येते, आणि पैसा घातल्यावर जिंकणे सोपे होते की फक्त दिसणे बदलते, हे यायला हवे.

दुसरी जोखीम टिकण्याची. 'पबजी मोबाइल'वर २ सप्टेंबर २०२० रोजी भारतात बंदी आली. त्याचा भारतीय अवतार 'बीजीएमआय' जुलै २०२१ मध्ये आला, जुलै २०२२ मध्ये दुकानांतून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परत आला. 'फ्री फायर'वर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली. अशा गेममध्ये घेतलेली वस्तू मालकीची नसते. सर्व्हर बंद झाला की ती संपते. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम तर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदच केले आहेत. त्यांची तारीफ करणारे 'परीक्षण' हा धोक्याचाच इशारा समजावा.

घेण्याची रीत

ग्राहकांनी एकत्र येऊन माल पारखून घ्यावा, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. डाळ-तांदळाला लावलेली तीच पारख गेमला लागू होते. एका परीक्षणावर न थांबता तीन वाचावीत : एक स्तुतीचे, एक टीकेचे, एक आपल्यासारखेच यंत्र असलेल्याचे. आवडीनिवडी जुळणारा परीक्षक सापडला तर तो सरासरीहून मोलाचा. विनासंपादित खेळाची दहा मिनिटांची चित्रफीत जाहिरातीच्या दोन मिनिटांहून जास्त सांगते. ऑनलाइन गेम असेल तर परीक्षणाची तारीख पाहावी. वर्षभर जुने मत दुसऱ्याच गेमविषयी असू शकते.

आणि चूक झालीच तर परतीची वाट माहीत असावी. स्टीमवर खरेदीनंतर १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळले असल्यास पैसे परत मागता येतात. प्लेस्टेशनच्या दुकानात १४ दिवसांची मुदत असली तरी गेम उतरवायला सुरुवात केली की ती सहसा संपते. गूगल प्लेवर ४८ तासांच्या आत विनंती करता येते. डिस्क घेतली असेल तर ती विकता किंवा बदलून घेता येते. उतरवून घेतलेला गेम विकता येत नाही. या अटी घेण्याआधी वाचल्या, तर स्टीमवरचे पहिले दोन तास हे खेळणाऱ्याचे स्वतःचे परीक्षण ठरतात.