क्षणभर दिसलेला माळढोक

राजस्थानातील जैसलमेरच्या माळरानावर प्रवास करताना कधी एखादा प्रचंड पक्षी गवतातून उठतो आणि चार-पाच सेकंदांत दिसेनासा होतो. जीपमधील एकजण म्हणतो ‘गिधाड’, दुसरा म्हणतो ‘करकोचा’, आणि नवखा पाहुणा शहामृगाचे नाव घेऊन मोकळा होतो! तो पक्षी माळढोक असू शकेल काय, हे कसे ठरवावे?

आकारावर भिस्त ठेवू नये. तुलनेला झाड वा घर नसलेल्या माळावर नजर हमखास फसते. धनादेशावरील सही पडताळताना आम्ही बँकवाले लेखणीच्या ओघाकडे पाहतो. येथेही उडण्याची ढब पाहावी. बगळा उडताना मान मुडपून घेतो. करकोचा मान ताठ ठेवतो, पण त्याचे लांब पाय शेपटीमागे स्पष्ट दिसतात. गिधाड पंख फारसे न हलवता उंच घिरट्या घालते. माळढोक मात्र मान पुढे काढून, पंखांचे संथ व जड फटकारे मारीत, बहुधा कमी उंचीवरून निघून जातो. त्याचे पाय शेपटीबाहेर डोकावत नाहीत. फिकट मान, डोक्यावर काळी टोपी, तपकिरी पाठ आणि नराच्या छातीवर काळा पट्टा, एवढे दिसले तर उत्तमच. त्याच्या पायाला मागचे बोट नसते, त्यामुळे तो झाडावर बसत नाही. पक्षी फांदीवर असला तर वाद तेथेच मिटतो.

ही चिकित्सा निव्वळ हौसेची नाही. सोलापूरजवळ नान्नज येथे १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले. आज तेथे त्याचे दर्शन दुर्मिळ आहे. राजस्थानात तो ‘गोडावण’, १९८१ पासूनचा राज्यपक्षी. तरीही मोकळ्या रानात आता दोनशेहून कमीच उरले आहेत. मादी वर्षाकाठी बहुधा एकच अंडे घालते. समोरचे नीट दिसत नसल्याने हा जड पक्षी विजेच्या तारांवर आदळतो. तारांचा हा प्रश्न २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पक्षी नेमका कोठे वावरतो हे कळले, तरच कोणत्या तारा आधी जमिनीखाली न्याव्यात हे ठरविता येते.

म्हणून पक्षी दिसताच वेळ, ठिकाण, दिशा, मान व पाय यांची नोंद आधी वहीत करावी, चर्चा मागाहून. एकाने ‘माळढोक’ म्हटले की साऱ्यांनाच काळी टोपी दिसू लागते. नोंद वनखात्याच्या कार्यालयात द्यावी. पाठलाग मात्र मुळीच करू नये. मादी घाबरून उठली, तर जमिनीवरचे ते एकुलते अंडे उघडे पडते.