आधी ईको, मग आरएम

सकाळी ७:३०
बेंगळुरूतल्या मल्लेश्वरमहून निघून मेखरी सर्कल आणि हेब्बाळचा उड्डाणपूल पार करायचा, तर बस लवकर धरलेली बरी. उशीर झाला की सगळा रस्ता तुंबतो. बसायला जागा मिळाली की फोनवरूनच क्लस्टरला, म्हणजे एकत्र जोडलेल्या संगणकांच्या संचाला, लॉगिन करते आणि रात्री लावलेली कामं कुठवर आली ते बघते. एवढ्याशा पडद्यावर आणि मंद नेटवरही टर्मिनल चालतं, कारण जातात-येतात ती फक्त अक्षरं.

९:००
जीकेव्हीके या कृषी विद्यापीठाच्या आवारात झाडांखालून चालत प्रयोगशाळेत. निपाणीची मुलगी माझ्याआधी येऊन बसलेली. जीवशास्त्रात एमएस्सी, मराठी आणि कानडी दोन्ही सफाईदार, पिपेटवर हात पक्का बसलेला. टर्मिनल उघडलं की मात्र बोटं थबकतात. ‘‘ताई, काही भलतंच दाबलं गेलं तर?’’

कमांड लाइन शिकवायची सुरुवात याच प्रश्नापासून व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे. कमांडची यादी पाठ करून घेणारे वर्ग मला पटत नाहीत. भीती जाते ती कुठली कमांड नुसती बघते आणि कुठली बदल करते हे कळल्यावर. पीडब्ल्यूडी आपण कुठे आहोत ते सांगते, एलएस काय काय आहे ते दाखवते, हेड आणि लेस फाइल उघडून दाखवतात. या दिवसभर वापरा, काहीही बिघडत नाही. नक्कल करणारी सीपी आणि हलवणारी एमव्ही न विचारता जुन्या फाइलवर नवी बसवू शकतात. आरएमने पुसलेली फाइल तर कचरापेटीतसुद्धा जात नाही.

म्हणून आमच्याकडे एक सवय लावतो. तारांकन घालून एकदम बऱ्याच फायली पुसायच्या असतील तर आरएमच्या जागी आधी ईको लिहायचं. तारांकनात कोणकोणत्या फायली येतात, त्यांची नावं शेल, म्हणजे आपल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, छापून दाखवतो. यादी वाचायची, खरंच वाचायची. मग वरचा बाण दाबून तीच ओळ परत आणायची, ईको खोडायचं, आरएम लिहायचं.

१०:००
आज नाचणी. याच आवारातल्या कृषी विद्यापीठातल्या शैलजा हित्तलमनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली एमएल-३६५ या नाचणीच्या वाणाचा जीनोम प्रसिद्ध केला. सुमारे १.२ अब्ज अक्षरं आणि ८५,२४३ जनुकं. अशी फाइल वर्डमध्ये किंवा एक्सेलमध्ये उघडायला जाणं म्हणजे मशीन अडकवून ठेवणं. एक्सेलच्या एका पानावर ओळीच मावतात १०,४८,५७६. जीवशास्त्राच्या मुलांना कमांड लाइनकडे यावंच लागतं ते यामुळे.

फास्टा नावाच्या या फायलींत प्रत्येक क्रमाच्या नावाची ओळ शाळेच्या गणितातल्या ‘पेक्षा मोठे’ या चिन्हाने सुरू होते. ती चिन्हं मोजली की क्रम किती ते कळतं. काम ग्रेप या शोधणाऱ्या कमांडचं, एका ओळीचं. पण चिन्हाभोवती अवतरणचिन्हं घालायला विसरलं तर? शेलच्या दृष्टीने त्या चिन्हाचा अर्थ ‘उत्तर या फाइलमध्ये ओत’. आणि ओतायची फाइल शेल आधी रिकामी करतो, ग्रेप सुरू होण्याच्याही आधी. ग्रेप तक्रार करतो की शोधायचं काय ते सांगितलंच नाही. तोवर जीनोम शून्य बाइटचा झालेला असतो.

हे नुसतं सांगून भागत नाही. दहा ओळींची खोटी फास्टा तिच्याकडून करून घेतली आणि म्हटलं, मुद्दाम अवतरणचिन्हं न घालता चालव. चालवली, एलएस केलं, आकडा शून्य. ती दोन मिनिटं त्या शून्याकडे बघत राहिली. मग फाइल पुन्हा तयार केली, सीएचमॉडने त्या फाइलवर लिहिण्याचा हक्क काढून घेतला आणि तीच चुकीची ओळ परत दिली. या वेळी शेल स्वतःच अडला: परमिशन डिनाइड. हा नकार बघून पोरगी पहिल्यांदा मोकळं हसली. मूळ माहिती हातात आली की पहिलं काम हेच, तिच्यावर लिहिणं बंद करायचं. त्यानंतर हवे तितके प्रयोग करता येतात.

दुपारी १:००
कँटीनमध्ये रागी मुद्दे, म्हणजे नाचणीचे गोळे, आणि सारू. सकाळभर ज्याची अक्षरं मोजली तेच ताटात.

जेवताना अतुल चिटणीसांचा विषय निघाला. मार्च १९९६ मध्ये पीसीक्वेस्ट मासिकासोबत, आम्ही हे सगळं ज्यावर करतो त्या लिनक्सची सीडी घरोघरी गेली, त्यामागे बेंगळुरूचे चिटणीस होते. इंटरनेटवरून एवढं काही उतरवून घेणं तेव्हा सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हतं. २००१ मध्ये त्यांनी इथे लिनक्स बंगलोर ही परिषद सुरू केली, पुढे तीच फॉस डॉट इन झाली. २०१३ मध्ये ते गेले. आज लिनक्सवर सहज हात चालवणाऱ्या कितीतरी जणांची सुरुवात त्या सीडीपासून झाली, आणि हे नाव नव्या मुलांच्या कानावर पडायलाच हवं.

२:३०
पाइप. एका कमांडचं उत्तर थेट दुसरीच्या हातात देणारी उभी रेघ. डग मॅक्लरॉय यांची ही कल्पना केन थॉम्प्सननी १९७३ मध्ये बेल लॅब्जच्या युनिक्समध्ये आणली. निपाणीच्या मुलीला हवं होतं ते एवढंच: जीनोमच्या कोणत्या तुकड्यावर सर्वांत जास्त जनुकं आहेत? जनुकांच्या तक्त्यातला पहिला रकाना कटने काढला, यूनिकने मोजला. उत्तर विचित्र, एकच नाव पुन्हा पुन्हा येतंय. मी काही बोलले नाही. एकेक टप्पा तोडून हेडने बघायला लावलं. ‘‘ताई, हा फक्त शेजारशेजारच्याच ओळी एक धरतोय!’’ बरोबर. म्हणून यूनिकच्या आधी सॉर्ट. मग आकड्यांनुसार उलटा सॉर्ट, शेवटी हेड. लांबलचक ओळ एका दमात लिहून कुणी हुशार होत नाही. एक रेघ जोडावी, बघावं, पुढची जोडावी.

टॅबने नाव पुरं करणं, कंट्रोल-आरने जुनी ओळ शोधणं, कमांडची माहिती देणारं मॅनचं पान वाचणं हे चहाआधी उरकलं. ते सवयीने येतं.

५:००
मोठं काम क्लस्टरच्या रांगेत लावायचं. भारतीय विज्ञान संस्थेत २०२२ मध्ये बसवलेला परम प्रवेग ३.३ पेटाफ्लॉप्सचा, राष्ट्रीय महासंगणक मोहिमेतला. ‘परम’ हे घराणं पुण्याच्या सी-डॅकचं. अशा यंत्रावरही आपल्यासमोर येतो तो हाच प्रॉम्प्ट. लॅपटॉपवर दहा ओळींच्या फाइलपाशी लागलेली सवय तिथे तशीच्या तशी उपयोगी पडते.

६:१५
दिवसभरातल्या ओळी हिस्टरीतून काढून तिने एका फाइलमध्ये उतरवल्या. फसलेल्या गाळल्या, उरलेल्यांवर मराठीत टिपा लिहिल्या: ‘इथे सॉर्ट आधी, नाहीतर मोजणी चुकते.’ ही फाइल आता स्क्रिप्ट म्हणून चालेल. मी उठले तर म्हणाली, ‘‘थांबा ताई, उद्याची बाजरीची फाइल आलीय.’’ आणि मी काही सांगायच्या आत तिने सीएचमॉड लिहायला घेतलं.