हलकी रायफल, जड जबाबदारी

डोंगर चढणाऱ्या माणसाला पाठीवरील प्रत्येक ग्रॅमचा हिशेब द्यावा लागतो. अलंग-मदन-कुलंगची चढण अनुभवलेल्या गिर्यारोहकाला हे सांगावे लागत नाही. सकाळी हलकी वाटणारी सॅक दुपारी दुप्पट जड होते. अमेरिकेतील रॉकी पर्वतरांगांत आणि अलास्कात पायी शिकारीला जाणाऱ्यांचीही हीच अडचण असते. मात्र त्यांच्या ओझ्यात एक वस्तू अशी असते, की जिचे वजन वाजवीपेक्षा कमी केले तर त्याची किंमत दुसऱ्याच जिवाला मोजावी लागते. ती वस्तू म्हणजे रायफल. म्हणूनच ‘किती हलकी रायफल घ्यावी’ हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही.

चालणे हाच एकमेव मार्ग

अमेरिकेत १९६४ साली झालेल्या रानप्रदेश संरक्षण कायद्याने काही वनक्षेत्रे यंत्रांपासून मुक्त राखली. तेथे रस्ते नाहीत, मोटारींना मज्जाव आहे, सायकलसुद्धा चालत नाही. मोंटाना राज्यातील बॉब मार्शल रानप्रदेश दहा लाख एकरांहून अधिक पसरलेला आहे. त्यात शिरायचे ते पायी किंवा घोड्यावरून. परवाना, हंगाम आणि किती जनावरे मारता येतील याची मर्यादा सरकार ठरवून देते. तंबू, शिधा, उबदार कपडे असे सारे पाठीवर घेऊन शिकारी अनेक दिवस भटकतो.

एल्क हे सांबराच्या जातकुळीतले, पण त्याहून मोठे हरीण. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन तीनशे किलोंच्या घरात जाते. शिकार साधली, की खाण्याजोगे मांस वाया न घालवता बाहेर आणणे हे शिकाऱ्याचे कर्तव्य असते. अनेक राज्यांत ते वाया घालवणे हा गुन्हाच आहे. त्यासाठी पाठीवर ओझे घेऊन अनेक फेऱ्या कराव्या लागतात. अशा प्रवासात चार-साडेचार किलोंची रायफल नकोशी वाटली तर नवल नाही.

बोल्टची रायफल का?

या कामासाठी बहुतेकांची पसंती बोल्ट-अॅक्शन रायफलला असते. दाराच्या कडीसारखी मूठ वर उचलून मागे ओढली, की रिकामे काडतूस बाहेर पडते. पुढे ढकलून खाली दाबली, की नवे काडतूस नळीत जाऊन झडप पक्की बंद होते. जर्मनीच्या माउझर कारखान्याने १८९८ साली या रचनेला जे रूप दिले, त्याच्या पाऊलखुणा आजच्या रायफलींतही दिसतात. हलणारे भाग थोडे, बांधणी ताठ, बिघडण्याजोगे फारसे काही नाही. पाऊस, बर्फ, धूळ यांत ही साधी यंत्रणा विश्वासू ठरते. हलकी केली तरी तिचा नेमकेपणा बराच टिकतो, हेही तिच्या लोकप्रियतेचे कारण आहे.

वजन कमी होते ते कोठून?

विंचेस्टर कंपनीने १९५२ साली आपल्या ‘मॉडेल ७०’ रायफलची ‘फेदरवेट’ ही आवृत्ती बाजारात आणली. नळी बारीक व आखूड केली आणि चापाभोवतीची कडी व मॅगझिनचे तळझाकण पोलादाऐवजी अॅल्युमिनियमचे केले. त्याच वर्षी ‘३०८ विंचेस्टर’ हे काडतूसही आले. जुन्या ‘३०-०६’ काडतुसाचे कवच ६३ मिलिमीटर लांब, तर याचे ५१ मिलिमीटर. काडतूस आखूड झाले, की बोल्टही आखूड होतो आणि त्याच्याभोवतीचे पोलाद घटते.

पुढचे मोठे पाऊल १९८० च्या दशकात वेस्ट व्हर्जिनियातील मेल्व्हिन फोर्ब्स या कारागिराने टाकले. लाकडी दस्त्याऐवजी त्याने केव्हलार आणि कार्बनच्या धाग्यांचा दस्ता घडवला. त्याची रायफल दुर्बिणीसह सुमारे अडीच किलोंत बसे. कृत्रिम दस्त्याचा आणखी एक गुण असा, की तो ओलाव्याने फुगत नाही. लाकूड फुगले, की नळीवर दाब येतो आणि घरी जुळवलेला नेम डोंगरात चुकतो.

नळी आखूड करणे हा सोपा उपाय. पण दर इंचामागे गोळीचा वेग सेकंदाला सात-आठ मीटरने घटतो आणि आवाज अधिक कर्कश होतो. बारीक नळी लवकर तापते व सलग गोळीबारात नेम सरकतो. शिकारीत एक-दोनच गोळ्या झाडायच्या असल्याने ही उणीव फारशी जाणवत नाही.

हलकेपणाची किंमत

खरी किंमत मोजावी लागते ती खांद्याला. गोळी पुढे जाते तेव्हा रायफल मागे येते. काडतूस तेच ठेवून चार किलोंची रायफल अडीच किलोंची केली, तर धक्क्याची ऊर्जा १.६ पट होते. हा न्यूटनच्या नियमाचा साधा हिशेब आहे. दस्त्यामागच्या रबरी गादीने धक्का बोथट होतो, नाहीसा होत नाही. धक्क्याचा धसका घेतलेला माणूस चाप ओढण्याआधीच दचकतो, डोळे मिटतो आणि गोळी भलतीकडे जाते. मझल ब्रेक हे नळीच्या तोंडावरचे सच्छिद्र टोपण धक्का कमी करते, पण आवाज नेमबाजाच्या कानांवर उलटवते; कानांना संरक्षण नसेल तर श्रवणशक्तीची कायमची हानी होऊ शकते.

दुसरी किंमत स्थैर्याची. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले. या प्रकारातील काडतूस छोटे. धक्का जवळजवळ नाहीच. तरीही तेथे आठ किलोंपर्यंतची रायफल चालते आणि नेमबाज मुद्दाम जड रायफल वापरतात. कारण जड वस्तू सहज हलत नाही; हृदयाचा ठोका, श्वासाची लय, बोटाचा ताण ती पचवून टाकते. तीन हजार मीटर उंचीवर, धापा टाकत बसलेल्या शिकाऱ्याच्या हातात पिसासारखी रायफल असेल, तर तिचे टोक प्रत्येक ठोक्याबरोबर डोलते. चाप जड असेल तर भर पडते. ओढण्याच्या जोरानेच रायफल हलते.

निवड करताना

पहिली गोष्ट, जाहिरातीतील वजन बहुधा नुसत्या रायफलचे असते. दुर्बीण, तिच्या कड्या, पट्टा आणि काडतुसे धरली, की अडीच किलोंची रायफल सहज सव्वातीन किलोंवर जाते. साडेआठशे ग्रॅमची अवजड दुर्बीण बसवून रायफलवरचे तीनशे ग्रॅम वाचवणे शहाणपणाचे नाही.

दुसरी, हलक्या रायफलीला सौम्य काडतूस शोभते. ३०८ विंचेस्टर किंवा त्याहून मवाळ काडतूस योग्य जागी लागले तर एल्कलाही पुरते. मॅग्नम काडतुसाचा जोर नेम चुकल्यावर कामाला येत नाही. तिसरी, चाप हलका व स्वच्छ असावा आणि वजनाचा तोल पुढच्या हाताकडे किंचित झुकलेला असावा. डोंगरी मेंढ्यांच्या शिकारीवर आयुष्यभर लिहिणारे अमेरिकी लेखक जॅक ओ’कॉनर यांची आवडती फेदरवेट रायफल दुर्बिणीसह सुमारे साडेतीन किलोंची होती. आजच्या मोजमापाने ती हलकी नव्हे. पण तिचा नेम त्यांच्या हाताला वश होता.

चौथी गोष्ट विकत मिळत नाही, ती म्हणजे सराव. बसून, पाठपिशवीवर रायफल टेकवून, दम लागलेल्या अवस्थेत झाडलेल्या गोळ्या वीस सेंटीमीटरच्या थाळीत बसतील, तेवढेच अंतर त्या शिकाऱ्याचे. त्यापलीकडचे जनावर त्याने सोडून द्यावे.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी घातली आहे आणि ती योग्यच आहे. जेथे शिकार कायदेशीर आहे तेथेही प्रश्न केवळ शिकाऱ्याच्या सोयीचा उरत नाही. जखमी एल्क रक्ताचा माग सोडत दऱ्या ओलांडतो आणि अनेकदा सापडतच नाही. त्याचे मरण लांबते आणि मांसही कोणाच्या कामी येत नाही. चढणीवर वाचलेले अर्धा किलो वजन शिकारी संध्याकाळपर्यंत विसरतो. चाप ओढण्याच्या क्षणी मात्र रायफल हातात स्थिर राहील, इतके वजन तिच्यात उरलेले असावे. निवडीची खरी कसोटी तीच.