जनुकीय बहुरूपता आणि मुखकर्करोगाची प्रवणता

मुख, घसा व स्वरयंत्र यांचे कर्करोग डोके-मानेच्या कर्करोगांत मोडतात. त्यांपैकी मुखकर्करोगाचे प्रमाण भारतात विशेष असून तंबाखू, सुपारी व मद्य यांच्याशी असलेला त्याचा संबंध निर्विवाद आहे. तथापि वर्षानुवर्षे तंबाखू चघळणाऱ्या किंवा मशेरी लावणाऱ्या सर्वांनाच हा रोग होत नाही. या भेदाचे उत्तर काही अंशी जनुकीय बहुरूपतेत शोधले जाते.

तंबाखूतील अनेक कर्कजनक द्रव्ये मूळ रूपात डीएनएवर आघात करीत नाहीत. सायटोक्रोम पी-४५० गटातील विकरे त्यांचे डीएनएला चिकटणाऱ्या क्रियाशील रेणूंत रूपांतर करतात. ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेज ही विकरे अशा अनेक रेणूंना ग्लुटाथायोन जोडून ते उत्सर्जनयोग्य करतात. यांपैकी जीएसटीएम१ हे जनुक पहिल्या, तर जीएसटीटी१ बाविसाव्या गुणसूत्रावर असते. माता व पिता या दोघांकडूनही जनुकाची लुप्त प्रत आल्यास ते विकर तयारच होत नाही. यास ‘उणे जनुकरूप’ म्हणता येईल. हा काही आजार नव्हे. युरोपीय वंशाच्या सुमारे निम्म्या लोकांत जीएसटीएम१ नसते आणि ते निरोगी आयुष्य जगतात. विषाचा भार वाढला म्हणजेच ही उणीव जाणवू लागते.

तंबाखू सेवन करणाऱ्या भारतीयांतील काही अभ्यासांत (१९९९, २००२) मुखातील पांढरे चट्टे व मुखकर्करोग असलेल्यांमध्ये जीएसटीएम१ चे उणे जनुकरूप अधिक आढळले. इतरत्र मात्र निष्कर्ष एकसारखे नाहीत. लहान नमुने आणि व्यसनाच्या मात्रेची अपुरी नोंद ही त्याची प्रमुख कारणे दिसतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संपूर्ण जनुकसंचाच्या व्यापक अभ्यासात मद्याच्या चयापचयाशी निगडित एडीएच१बी आणि प्रतिकारशक्तीशी संबंधित एचएलए हे भाग ठळकपणे पुढे आले. फॅन्कोनी रक्तक्षयासारख्या दुर्मीळ आनुवंशिक विकारात मात्र डीएनए-दुरुस्तीच सदोष असल्याने तंबाखूविनाही धोका फार मोठा असतो.

सामान्य बहुरूपतेचा परिणाम त्या मानाने अल्प असल्याने एकट्या जीएसटीएम१ च्या चाचणीवरून व्यक्तीचे भवितव्य वर्तविता येत नाही. जनुक शाबूत आहे एवढ्यावरून तंबाखूसेवकाला अभय देणे तर सर्वस्वी गैर होय. याउलट प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी केवळ डोळ्यांनी केलेल्या मुखतपासणीमुळे तंबाखू किंवा मद्य घेणाऱ्यांतील मुखकर्करोगाचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटल्याचे तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील चाचणीत २००५ मध्ये दिसून आले. तेथे कोणाचेही जनुकरूप पाहण्याची गरज पडली नव्हती.