ढाल कोणासाठी?

राळेगाव तालुक्यातील कोलामांच्या पोडावरून मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाकडे पाहिले तर काय दिसते? दगडी इमारतीचा डौल दिसत नाही. दिसतो तो एकच प्रश्न : या संस्थेचे ध्येय नेमके कोणासाठी?

झेवियर्सचा वारसा मोठा आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. १८६९ साली जर्मन जेझुइट धर्मगुरूंनी हे कॅथलिक महाविद्यालय स्थापन केले. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने जर्मनांना शत्रू ठरवले. पुढे स्पॅनिश जेझुइटांनी धुरा घेतली. त्यांच्यातीलच फादर हेरास यांनी १९२६ साली इतिहास संशोधन संस्था उभारली. २००३ साली दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी केंद्र सुरू झाले. पंखांना उडण्याची प्रेरणा देणे, हेच महाविद्यालयाचे ब्रीद आहे.

याच जेझुइट संघाचे फादर स्टॅन स्वामी झारखंडच्या आदिवासींसाठी झिजले. भीमा कोरेगाव प्रकरणात ८ ऑक्टोबर २०२० रोजी त्यांना अटक झाली. वय ८३, कंपवाताने थरथरणारे हात, पाणी पिण्यासाठी साध्या नळीची मागणी! ५ जुलै २०२१ रोजी कोठडीतच त्यांनी मुंबईत प्राण सोडला. त्यांच्यावरील एकही आरोप न्यायालयात सिद्ध झालेला नव्हता.

ऑगस्ट २०२५ मध्ये झेवियर्सने त्यांच्या स्मृतीनिमित्त व्याख्यान ठेवले. विषय होता पोटासाठी होणाऱ्या स्थलांतराचा. अभाविपने आक्षेप घेतला आणि व्याख्यान रद्द झाले. पोटासाठी गाव सोडणे म्हणजे काय, हे कापसाच्या या मुलखाला कोणी शिकवायला नको. ज्यांच्या दुःखावर बोलायचे होते, ते दुःख आमचेच होते!

संविधानाच्या ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालवण्याचा हक्क दिला. बहुसंख्याकांच्या दडपणापुढे त्यांना झुकावे लागू नये, म्हणून ही ढाल आहे. २००५ च्या ९३ व्या घटनादुरुस्तीने खाजगी शिक्षणसंस्थांतही मागासवर्गीयांसाठी राखीव जागांचा कायदा करण्याचा मार्ग मोकळा केला; मात्र अल्पसंख्याक संस्थांना त्यातून वगळले. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानेही ते वैध ठरवले. म्हणजे राखीव जागांच्या सक्तीपासून ढाल आहे; पण आदिवासींच्या बाजूने उभे राहण्याची वेळ आली की तीच ढाल खाली ठेवली जाते! मग ही ढाल कोणासाठी?

आमचा विरोध ३० व्या कलमाला नाही. आज ते कलम मोडू पाहणारे उद्या आमच्याही हक्कांवर येतील, याची जाण चळवळीने ठेवली पाहिजे. आमचे म्हणणे एवढेच की, कायद्याची सक्ती नसली तरी पोडावरच्या, बौद्ध वस्तीतल्या, दलित ख्रिस्ती घरातल्या मुलाला जागा, वसतिगृह आणि फी-माफी देण्यास या संस्थांना कोणी अडवलेले नाही.

बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभे केले, ते समाजाच्या हाती ज्ञानाचे शस्त्र देण्यासाठी. झेवियर्सला प्रश्न विचारताना या संस्थांची आजची स्थिती काय, हेही आपण स्वतःला विचारले पाहिजे. ज्यांचे हात रिकामे त्यांचा शब्द कोण ऐकणार?

वारसा जपायचा असतो तो इमारतीत नव्हे, भूमिकेत. हे झेवियर्सने ओळखावे, आणि आपणही!