विमानामागचा डोंगर

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी रद्दीच्या गठ्ठ्यातून पोस्टकार्डाएवढा एक फोटो हाती आला. हरिकेन जातीचं लढाऊ विमान, इंजिनाचं झाकण उघडून आत हात घातलेला एक फिटर आणि शेपटीजवळ कमरेवर हात ठेवून उभा असलेला दुसरा. विमानाच्या अंगावर एकच मोठं इंग्रजी अक्षर, ‘टी’. अनुक्रमांक नेमका त्या उभ्या माणसाच्या आड गेलेला. पाठीमागे पेन्सिलीनं लिहिलेलं, ‘बर्मा, १९४४’.

अशा फोटोंची जागा शोधणं हे एक स्वतंत्र कसब आहे आणि ते बरंचसं हौशी माणसांनी घडवलं आहे. निवृत्त सर्वेक्षक, शिक्षक, विमानांचे छोटे नमुने बनवणारे, आजोबांची ट्रंक उघडून बसलेली नातवंडं, अशी सगळी माणसं त्यात असतात. जागा हरवली याला मुख्य कारण युद्धच. सेन्सॉर ठिकाणाचं नाव छापू देत नसे, म्हणून अधिकृत फोटोंखालीही ‘आघाडीवरील एक विमानतळ’ एवढंच यायचं. खासगी फोटोंची गत आणखी वाईट. काढणाऱ्याला जागा पाठच होती, मग लिहायची कशाला? तो माणूस गेला आणि जागाही गेली.

विमानं ओळखणारे पुष्कळ भेटतात. इंजिन, तोफा, रंग सगळं त्यांना तोंडपाठ असतं. पण विमानावरून फार तर काळ कळतो, जागा नाही. विमान आज इथे तर उद्या तिथे. माझ्या फोटोत पंखावरच्या वर्तुळात लाल ठिपका नाही. जपानी विमानांवर लाल गोळा असे, म्हणून घाईगर्दीत आपलंच विमान पाडलं जाऊ नये यासाठी १९४३ मध्ये भारत-ब्रह्मदेश आघाडीवरच्या ब्रिटिश आणि भारतीय विमानांवरचा लाल रंग काढून टाकला गेला. तेव्हा फोटो त्यानंतरचा. मात्र कृष्णधवल फोटोत रंगांवर विसंबताना जपावं लागतं. त्या काळच्या काही फिल्मला लाल रंग दिसतच नसे. लाल तिच्यावर काळा उमटायचा आणि निळा फिका. त्यामुळे मधला ठिपका गडद दिसला तर तो लाल की निळा, हे फिल्म कुठली होती ते कळल्याशिवाय सांगू नये. इथे ठिपका पांढुरका होता, म्हणून निभावलं.

पेन्सिलीच्या ‘बर्मा’वरही विसंबता येत नाही. सैनिकांच्या तोंडी ते आघाडीचं नाव होतं. बर्मा असं लिहिलेले कितीतरी फोटो प्रत्यक्षात भारतातले, आसाम, मणिपूर किंवा बंगालमधले निघतात. मागची डोंगररांग, सपाट मैदान आणि फोटोच्या कडेला भाताच्या खाचरांचे बांध बघून मला पहिल्यांदा इम्फाळ आठवलं. डोंगरांच्या वेढ्यातलं ते खोरं युद्धात विमानतळांनी भरून गेलं होतं. शहराच्या उत्तरेला कोइरेंगेई, ज्याला लष्कर ‘इम्फाळ मेन’ म्हणे. नैर्ऋत्येला तुलिहाल, तामूच्या रस्त्यावर आग्नेयेला पालेल. शिवाय कांगला, वांगजिंग आणि सापाम. एका खोऱ्यात सहा धावपट्ट्या. २९ मार्च १९४४ ला जपानी सैन्यानं कोहिमाचा रस्ता तोडला, तो २२ जूनला मोकळा झाला. मधल्या काळात पीठ, दारूगोळा, पेट्रोल सगळं डाकोटा विमानांतून याच पट्ट्यांवर उतरत होतं आणि जखमी माणसं याच पट्ट्यांवरून परत जात होती.

सहापैकी कुठली, हे फक्त डोंगर सांगू शकतो. झाडं तुटतात, बराकी पडतात, नद्यासुद्धा पात्र बदलतात, पण ऐंशी वर्षांत डोंगराची कड हलत नाही. म्हणून या कामातली पहिली पायरी म्हणजे विमान बोटानं झाकायचं आणि मागच्या डोंगरांची कड पातळ कागदावर उतरवून घ्यायची. मग संगणकावर उपग्रहचित्रांचा नकाशा उघडून माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर उतरायचं आणि उभ्या जागी गोल फिरत ती कड कुठे जुळते ते पाहायचं.

मी दोन आठवडे फिरलो. सहाही पट्ट्यांवर कड कुठेच बसेना. शेवटी इम्फाळ सोडून चितगावकडे वळलो आणि तिथेही आठवडा घालवला.

उत्तर फोटोतच होतं, मी बघत नव्हतो. एका रात्री भिंग घेऊन त्या उभ्या माणसाच्या सदऱ्याकडे पाहत होतो. पुरुषांच्या सदऱ्यात डावी पट्टी उजवीवर येते. इथे उजवी डावीवर होती. लगेच विमानाकडे आलो. हरिकेनचा वेग मोजणारी पिटॉट नळी डाव्या पंखाखाली असते. फोटोत ती उजव्या पंखाखाली होती. निगेटिव्ह उलटी ठेवून छापलेली! एरवी अक्षरं लगेच चुगली करतात, पण ‘टी’ उलटा केला तरी ‘टी’च राहतो. ‘ए’, ‘एच’, ‘एम’ यांचंही तसंच. अंक असते तर पहिल्याच दिवशी कळलं असतं, पण ते माणसाच्या आड होते. तेव्हापासून कुठलाही फोटो हाती आला की मी आधी गुंड्या बघतो.

चित्र सुलटं केल्यावर इम्फाळच्या वायव्येचा कौब्रू डोंगर अर्ध्या तासात जुळला. पण डोंगर जुळला म्हणजे जागा मिळाली असं नव्हे. कौब्रू अडीच हजार मीटरहून उंच आहे आणि सगळ्या खोऱ्यातून दिसतो. इथे सर्वेक्षकांची जुनी युक्ती कामाला येते. फोटोत जवळच्या टेकडीचं टोक लांबच्या एखाद्या खिंडीच्या बरोबर खाली आलेलं असतं. नकाशावर ती खिंड आणि ते टोक जोडून रेघ पुढे ओढली की कॅमेरा त्या रेघेवर कुठेतरी असतो. अशी दुसरी जोडी शोधून दुसरी रेघ ओढायची. दोन रेघा छेदतात तिथे फोटो काढणारा उभा होता. पन्नास पावलं बाजूला सरकलं तरी जवळची टेकडी लांबच्या डोंगरापुढून सरकलेली दिसते, म्हणून ही जोडी निवडताना घाई चालत नाही. माझ्या रेघा कोइरेंगेईच्या पट्टीजवळ छेदल्या.

मग सावलीनं पडताळा घेतला. उभ्या माणसाची सावली त्याच्या उंचीच्या निम्मी होती. त्यासाठी सूर्य क्षितिजापासून सुमारे त्रेसष्ट अंश वर हवा. इम्फाळ कर्कवृत्ताच्या थोडं उत्तरेला. तिथे डिसेंबरात भर दुपारीही सूर्य बेचाळीस अंशांच्या वर चढत नाही. त्रेसष्ट अंश गाठतो तो साधारण मार्चच्या मध्यापासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत. जमीन कोरडी, चाकांमागे धूळ, म्हणजे पावसाआधी. उरतात मार्च, एप्रिल आणि मेचे थोडे दिवस. वेढ्याचे दिवस. सुलट्या चित्रात सावली उजवीकडे मागे, उत्तरेला पडते. दिशाही बसली.

यापुढचं काम कागदपत्रांचं. हवाई दलाचा प्रत्येक स्क्वाड्रन रोजची नोंदवही ठेवत असे. तिच्या फॉर्म ५४१ वर विमानाचा अनुक्रमांक, वैमानिक, कामगिरी आणि उड्डाणाच्या वेळा असत. या वह्या लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. अनुक्रमांक वाचता आला तर माणसांपर्यंत पोचता येतं. त्या वसंतात अर्जनसिंग यांच्या नेतृत्वाखाली भारतीय हवाई दलाचा पहिला स्क्वाड्रन इम्फाळहून हरिकेनच उडवत होता. आपल्याला वाटतं, हे त्यांचंच विमान असावं. मलाही वाटलं. पण या खोऱ्यात हरिकेनचे आणखीही स्क्वाड्रन होते, आणि एका ‘टी’वर इतिहास लिहायचा नाही, हा या कामातला मोठा संयम आहे. नेमके इथेच लोक घसरतात. एकानं अंदाज लिहिला, दुसऱ्यानं तो मथळा म्हणून उचलला, की दहा वर्षांनी तेच पुस्तकात छापून येतं.

महाराष्ट्रात हे काम वाढावं असं मला मनापासून वाटतं. इम्फाळचा वेढा आवळायच्या आधी, मार्चच्या उत्तरार्धात, सांगशाकच्या टेकडीवर मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण जपान्यांशी झुंजली. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांतून कुणी ना कुणी त्या आघाडीवर गेलं होतं. त्यांच्या ट्रंकांत असेच फोटो असतील. ते मोबाइलवर टिपताना माणूस मधोमध घेऊन कडा कापू नका. कडेचा डोंगर, पाण्याची टाकी, दिव्याचा खांब यांतच जागा असते. मागची बाजूही टिपा, तिथला दुकानाचा शिक्का, पेन्सिलीचा अर्धा शब्द, सगळं. आणि घरात ऐंशी-नव्वदीची माणसं असतील तर फोटो त्यांच्या हातात देऊन गप्प बसा. आपण आधी नाव सुचवलं की ते मान डोलावतात.

आज तुलिहालच्या जागी इम्फाळचा विमानतळ आहे. मी माझ्या फोटोच्या पाठीवरचं ‘बर्मा’ खोडलेलं नाही. ज्यानं लिहिलं त्याच्यासाठी ते बर्माच होतं. त्याखाली पेन्सिलीनंच लिहिलं, ‘छपाई उलटी. कोइरेंगेई, मणिपूर. तोंड वायव्येला, मागे कौब्रू.’